ब्रेक मारला की उजेड वाढला पाहिजे

तुमच्या गाडीला बाहेरच्या बाजूने एकूण किती दिवे आहेत, असं कुणाला विचारलं की तो आधी हसतो, मग बोटं मोजायला लागतो आणि नंबरप्लेटचा दिवा हमखास विसरतो. मी स्वतः गाडी चालवत नाही. मला सायकलसुद्धा येत नाही. पण तुर्भ्याच्या सर्व्हिस रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून हे दिवे विकण्यात माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. आता निवृत्त झालेय, घरी आहे, म्हणून दिवाळी अंकासाठी लिही असा आग्रह झाला. बल्बवर काय लिहायचं, असं मला वाटलं होतं. लिहायला बसले तर सगळ्यात आधी मंदा आठवली.

पण मंदाकडे जाण्याआधी थोडं दुकानाबद्दल सांगायला हवं.

माझे वडील खेड तालुक्यातून इथे आले ते तुर्भ्याच्या एका कारखान्यात कामाला. मी बारावी झाले, टायपिंग शिकले आणि धीरजभाईंच्या दुकानात बिलं करायला लागले. धीरजभाई कच्छी. पांढरा सफारी, कानाला पेन. काउंटरवरचा माणूस लग्नाला म्हणून गावाला गेला तो परतलाच नाही, तेव्हा धीरजभाई मला म्हणाले, "प्रतिभाबेन, बल्ब ओळखता येतो?"

"नाही."

"तर आजपासून शिका. माल बोलतो, फक्त ऐकायचा."

त्यांना 'बघायचा' म्हणायचं असेल असं तेव्हा वाटलं होतं. पुढे कळलं की माल खरंच बोलतो.

गिऱ्हाईक यायचं, माझ्या खांद्यावरून आत डोकवायचं आणि विचारायचं, "भाई नाहीत का?" मी म्हणायचे, "आहेत, जेवतायत. कुठला बल्ब हवाय?" मग ते जरा अडखळत म्हणायचं, "मागचा. लाल." आता लाल बल्ब असा नसतोच. काच लाल असते, बल्ब साधा असतो. इथपासून सुरुवात.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगते. बल्ब घेताना चार गोष्टी बघायच्या. गाडी छोटी की ट्रक, कारण कारला बारा व्होल्ट लागतात आणि ट्रकला चोवीस. वॉट किती, कारण जास्त उजेडाच्या हौसेने मोठ्या वॉटचा बल्ब घातला की प्लास्टिकचं होल्डर वितळतं. आत तार एक की दोन. आणि बुडाच्या पितळी टोपीला बाजूने ज्या दोन बारीक पिना असतात त्या समोरासमोर आहेत की तिरक्या. एवढं जुळलं की बल्ब बसतो. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायचे, जुना बल्ब काढून आणा. लोक बल्ब सोडून सगळं आणायचे. एकाने गाडीच्या पाठीचा फोटो आणला होता, तोही डिकी उघडी असलेला, आणि त्यात त्यांच्या मिसेस हात हलवत होत्या.

इंडिकेटरचा नारिंगी बल्ब हे एक वेगळंच प्रकरण. नव्या गाड्यांत इंडिकेटरच्या काचा पांढऱ्या आल्या, म्हणून बल्ब नारिंगी झाला आणि पांढऱ्याच्या जागी तो बसू नये म्हणून त्याच्या पिनांचा कोन मुद्दाम बदललेला असतो. वाशीचे एक गृहस्थ घरी होता तो पांढरा बल्ब घेऊन बसले आणि कानसीने त्याची एक पिन चक्क घासून टाकली. तो बसला. मग ते मला दाखवायला आले. इंडिकेटर दिला तर पांढरा लखलखाट. मी म्हटलं, "काका, मागच्याला वाटेल तुम्ही रिव्हर्स येताय." ते तीन वेळा इकडून तिकडून बघून म्हणाले, "पण बसवला की नाही?" बसवला होता खरा. त्या हाताच्या कसबाचं मला अजून कौतुक आहे.

एलईडी आले तेव्हा तर रोज एक जण यायचा. "मॅडम, महागातला घातला तर इंडिकेटर वेड्यासारखा फडफडतोय." एलईडी वीज इतकी कमी खातो की गाडीला वाटतं बल्ब गेला, आणि बल्ब गेल्याची खूण म्हणून ती इंडिकेटर भराभर मारायला लागते. हे समजावलं की लोक गाडीकडे जरा आदराने बघायचे. मलाही गाडीचं तेच आवडायचं. कुठला दिवा कशासाठी, तो किती दिसला पाहिजे, चुकीचा बल्ब बसूच नये म्हणून पिन कुठे ठेवायची, याचा कुणीतरी कुठेतरी बसून एवढा विचार केलाय, आणि तो विचार नखाएवढ्या पितळात बसवलाय.

या सगळ्यात महत्त्वाचा, मागचा दोन तारांचा बल्ब. त्यात एक तार बारीक, एक जाड. बारीक तार पार्किंगच्या मंद लाल दिव्यासाठी. जाड तार ब्रेकसाठी. पाय ब्रेकवर पडला की मंद दिवा एकदम भडक होतो आणि मागच्याचा पाय आपोआप त्याच्या ब्रेकवर जातो. ठाणे-बेलापूर रोडवर सगळा खेळ त्या दोन उजेडांमधल्या फरकावर चाललेला असतो.

आता मंदा.

मंदा पाटील घणसोली गावातली. गावठाणातल्या गल्लीत, जिथे दोन घरांच्या मधून रिक्षासुद्धा अंग चोरून जाते, तिथे तिचं घर. सासऱ्यांची शेती नवं शहर वसवायला सिडकोने घेतली, नवरा कंपनीत. हिने स्वतःची छोटी व्हॅन घेतली आणि रोज सकाळी महाप्याच्या कंपन्यांमध्ये नाश्ता पोचवायला लागली. पोहे, उपमा, तांदळाच्या भाकरी आणि घरचं लोणचं. गाडीची किरकोळ कामं ती स्वतः करायची. मागचे बल्बही आमच्याकडून घेऊन तिनेच बदलले होते.

थंडीचे दिवस होते. सकाळी खाडीकडून धुरकं येतं आणि त्यात ट्रकची धूळ मिसळते, तसे. दुकान नुकतंच उघडलं होतं. मंदाची व्हॅन आली आणि तिने ती उलटी फिरवून पाठ दुकानाच्या काचेकडे केली. खाली उतरली तर साडीवर पोह्यांचे डाग. मागचा बंपर आत गेलेला.

"काय झालं गं?"

"महाप्याच्या सिग्नलला थांबले. मागचा ट्रक येऊन टेकला. थोडक्यात वाचले. मी भांडायला उतरले तर तो सांगतो, बाई, तुझी ब्रेक लाईटच नाय लागली. मी म्हटलं, नवा बल्ब हाय. तर बोलतो, मग तूच बघ." तिने धाप टाकली. "म्हणून बघायला आले. मी आत बसून ब्रेक दाबते. तुमी मागून बघा. मी पन काचेत बघते."

तिने पार्किंगचे दिवे लावले. मागे भडक लाल उजेड पडला. मग ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे उजेड वाढला असेल इवलासा, पण डोळ्याला कळेना. पार्किंग बंद करून पुन्हा ब्रेक दाबला, तर काचेमागे नुसतं मिणमिण.

मी बल्ब काढला. पिना बरोबर. वॉट छापलेले बरोबर. तो टेबलावरच्या बॅटरीला लावला आणि तेव्हा दिसलं. बुडाशी दोन शिशाचे ठिपके असतात, एक एका तारेचा, एक दुसरीचा. बनवणाऱ्याने त्या दोन तारांची अदलाबदल केली होती. पार्किंगला जाड तार पेटत होती आणि ब्रेकला बारीक. आमच्याकडे प्रत्येक बल्ब बॅटरीला लावून द्यायची पद्धत होती, पण दोन्ही तारा पेटतात एवढंच बघायचो. कुठली कशाला पेटते, ते बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

धीरजभाई आतून खोका घेऊन आले. साधा पांढरा खोका, वर नाव नाही. नेहमीच्या कंपनीचा माल लांबला होता म्हणून मधल्या काळात एका दलालाकडून घेतलेला. एक काढला, उलटा. दुसरा काढला, उलटा. खोकाभर तसेच. त्यांनी कानाचं पेन काढून खिशात ठेवलं. ते फार अस्वस्थ झाले की असं करायचे.

आधी मंदाच्या गाडीत दोन्ही बाजूंना चांगल्या कंपनीचे बल्ब घातले, काचेत बघून खात्री केली. मग धीरजभाई म्हणाले, "बंपरचा खर्चा माझा. आणि हा खोका आता विकायचा नाही."

मंदा गाडीत बसली नाही. दारात उभी राहून तिने विचारलं, "शेठ, जे विकलेत त्यांचा काय?"

रोखीचं गिऱ्हाईक, नाव ना गाव. रस्त्याने जाताना थांबतं, दोन बल्ब घेतं आणि निघून जातं. धीरजभाईंना दलालाला शिव्या देऊन, खोका परत करून मोकळं होता आलं असतं. मी त्यांच्याकडे बघत होते. मला खरंच माहीत नव्हतं ते काय बोलतील.

ते म्हणाले, "शोधायचे."

गॅरेजवाले ओळखीचे होते. त्यांना फोन लावले. बहुतेकांनी लगेच ऐकलं. एक जण म्हणाला, "पेटतोय ना शेठ? मग टेन्शन कशाला?" धीरजभाईंनी फोन ठेवला, स्कूटर काढली आणि त्याच्या गॅरेजात जाऊन बसले. त्याने ते बल्ब घातलेल्या गाड्यांच्या मालकांना बोलावून घेईपर्यंत उठले नाहीत. दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत फळा लावला, पांढऱ्या खोक्यातला मागचा बल्ब घेतला असेल तर गाडी घेऊन या, फुकट बदलून मिळेल. शेजारच्या टायरवाल्याने वाचून डोक्याला हात लावला.

"धीरजभाई, आपल्याच दुकानाची बदनामी?"

"माल खराब आहे हा खरा आहे ना? खरा सांगितला तर बदनामी कसली?"

राहिले ते रस्त्यावरचे. माझा एक गुण म्हणा की खोड म्हणा, मी माणसांचे चेहरे विसरते पण गाडी विसरत नाही. डाव्या दाराला पोचा आलेली चंदेरी, मागच्या काचेवर गणपती असलेली पांढरी, असं मी डोळे मिटून सांगत गेले. मंदा ऐकत होती. म्हणाली, "यातल्या निम्म्या महाप्यात येत असतील कामाला."

दुसऱ्या दिवसापासून तिने जे केलं ते माझ्या डोक्यात आलं नसतं. कंपन्यांच्या फाटकावर दांडा असतो. प्रत्येक गाडीला तिथे ब्रेक मारून थांबावंच लागतं, आणि मागून बघायला वॉचमन उभाच असतो. मंदा रोज त्याच फाटकांतून जायची, सगळे वॉचमन तिच्या हातचं खाणारे. तिने प्रत्येकाला स्वतःची व्हॅन दाखवून शिकवलं. "बघा, हा पार्किंग. आता मी ब्रेक मारते. उजेड वाढला का? असा वाढला पायजे. ज्याचा वाढत नाय त्याला तुर्भ्याला पाठवा."

आणि ते यायला लागले. कुणी वैतागलेले, कुणी गोंधळलेले. चंदेरी गाडीवाला तरुण इंजिनिअर बल्ब बदलून झाल्यावर बराच वेळ गाडीमागे उभा राहिला. त्याची लहान मुलगी रोज मागच्या सीटवर बसायची. त्याने धीरजभाईंचा हात हातात घेतला आणि गेला. संध्याकाळी दुकान मिटायच्या आधी धीरजभाई स्वतः घणसोलीच्या पेट्रोल पंपावर जाऊन येणाऱ्या गाड्यांचे मागचे दिवे बघत उभे राहायचे. एका बाईंनी त्यांना काहीतरी विकायला आलेला समजून काच वर केली. त्यांनी नमस्कार केला आणि पुढच्या गाडीकडे गेले. हा माणूस दुकानात गिऱ्हाइकाला पाणी द्यायलाही खुर्चीतून उठायचा नाही, हे मी सांगते म्हणून खरं माना.

मला मात्र एक गाडी छळत होती. फिकट निळी, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. पाटीवरची अक्षरं उडालेली. मास्तर स्वतः आले होते आणि दोन्ही बाजूंचे बल्ब घेऊन गेले होते. शिकाऊ माणूस कुठेही ब्रेक मारतो. आणि त्याच्याच गाडीला ब्रेकचा दिवा नाही.

मंदा म्हणाली, "रविवारी चला माझ्याबरोबर. शिकवायच्या गाड्या सकाळच्या सेक्टरात फिरतात."

चांगले बल्ब पर्समध्ये टाकून मी तिच्या शेजारी बसले. घणसोलीचे सगळे सेक्टर पालथे घातले. पाटीच्या चार गाड्या दिसल्या, एकही निळी नाही. परत फिरणार तेवढ्यात मंदाने बोट दाखवलं. निळी गाडी आमच्या पुढून वळली आणि थेट ठाणे-बेलापूर रोडवर चढली.

"अरे देवा, मोठ्या रस्त्याला नेतोय!"

मी म्हटलं, "पुढे जाऊन थांबव त्यांना."

"शिकनाऱ्याच्या पुढं गाडी घातली तर तो घाबरून काय करंल? ताई, तुमी गप बसा जरा."

तिने व्हॅन निळ्या गाडीच्या मागे घातली. अगदी मागे नाही, मध्ये जागा ठेवून. दोन्ही इंडिकेटर एकदम चालू केले आणि तिच्याच वेगाने, म्हणजे चालणाऱ्या माणसापेक्षा जरा जास्त वेगाने, जायला लागली. मागून ट्रक हॉर्न मारत होते. एक टँकर अगदी चिकटून बाजूने गेला, त्याच्या क्लीनरने आम्हाला काय काय ऐकवलं. मंदाची नजर समोरच होती. महाप्याच्या पुलाआधी निळी गाडी एक हिसका देऊन बंद पडली. रस्त्याच्या मधोमध. दिवा नाही, काही नाही.

मंदाने ब्रेक मारला. आरशात मला मागून येणारा कंटेनर दिसला. मी डोळे मिटले नाहीत, मिटायला सुचलंच नाही. मंदाने उजवा हात पूर्ण बाहेर काढला आणि वरखाली हलवत राहिली. पाय ब्रेकवर, हात बाहेर, आणि तोंडाने एकच, "थांब बाबा, थांब, थांब." कंटेनरच्या ब्रेकचा लांबलचक आवाज आला. तो आमच्या मागे थांबला. त्याच्या मागचे सगळे थांबले. निळी गाडी पुन्हा सुरू झाली, दोन गचके खाऊन सर्व्हिस रोडला उतरली आणि कडेला उभी राहिली. आम्हीही उतरलो.

मास्तर दार आपटून बाहेर आले. "काय पाठलाग लावलाय? मागून हॉर्नवर हॉर्न!"

मी बोलत बसले नाही. बल्ब दाखवला, म्हटलं तुर्भ्याच्या दुकानातली मी, पाच मिनिटं द्या. काचेचे स्क्रू काढले, दोन्ही बल्ब बदलले. मग स्टिअरिंगवर बसलेल्या बाईंना म्हटलं, "ब्रेक दाबा."

बाई पन्नाशीच्या असतील. चष्मा, ओढणी गळ्यात घट्ट गुंडाळलेली. "हा का?"

"मधला."

त्यांनी दाबला. मागे लखलखीत लाल उजेड पडला. मी जुने बल्ब परत लावून मास्तरांना फरक दाखवला. त्यांनी दोन्ही बघितलं, मग आत्ता आलो त्या रस्त्याकडे बघितलं. खिशातून रुमाल काढून ते गाडीची मागची काच पुसत राहिले. ती स्वच्छच होती. नवे बल्ब मी पुन्हा बसवले.

बाई खाली उतरल्या. "आज पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यावर आले हो. मला वाटत होतं मागची गाडी माझ्यावर वैतागलीय. मी सरांना म्हणतसुद्धा होते, तिला पुढे जाऊ द्या."

मंदा म्हणाली, "वैतागले नव्हते, मावशी. तुमच्याकडं ब्रेक लाईट नव्हती ना. म्हणून मी झालते."

बाईंना ते कळायला क्षणभर लागलं. मग त्यांनी मंदाला जवळ घेतलं, रस्त्यातच.

त्या दुपारी आम्ही दुकानात आलो तेव्हा धीरजभाई शटर अर्धं उघडून बसले होते. परत आलेले सगळे बल्ब आणि खोक्यातले उरलेले, समोर कागदावर ओतलेले. भंगारात टाकले तर कुणीतरी पुसून पुन्हा विकेल म्हणून ते पक्कडीने एकेकाची टोपी चेपत होते. आम्हीही बसलो. काम चालू असताना मी निळ्या गाडीची सगळी हकिगत सांगितली. कंटेनरपाशी आले तेव्हा त्यांची पक्कड थांबली. त्यांनी मंदाकडे बघून हात जोडले. मंदा म्हणाली, "काय शेठ, लाजवता काय मना?"

शेवटचा बल्ब चेपून झाला. ढीग बघून धीरजभाई म्हणाले, "विकलेले ह्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त होते. बाकीचे कुठे असतील?"

त्यांतले काही आम्हाला कधीच सापडले नाहीत, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीतली ती एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

मंदाने साडीवरचा काचेचा चुरा झटकला आणि व्हॅनची किल्ली उचलली.

"उद्या सकाळी मी महाप्याला जातेच हाय," ती म्हणाली. "बघत राहीन."